रिकामी बाकं, भरलेल्या खोल्या

उत्तम शुक्रवारी बेळगावच्या कॅम्पातल्या चर्चमध्ये उशिरा पोहोचणाऱ्याला व्हरांड्यात उभं राहून उपासना ऐकावी लागते. नाताळच्या मध्यरात्रीही तीच गर्दी. पण आषाढात, पाऊस चार-चार दिवस उघडत नाही अशा वेळच्या साध्या रविवारी, त्याच चर्चची मागची बाकं मोकळी असतात. पुढे साठी उलटलेली मंडळी, संडे स्कूलची थोडी मुलं आणि त्या मुलांना घेऊन आलेल्या आया. पंचविशीतली माणसं शोधावी लागतात.

त्याच रविवारी, शहराच्या एखाद्या उपनगरातल्या भाड्याच्या हॉलबाहेर चपलांची रांग जिन्यापर्यंत आलेली असते. आत सतरंज्या, कीबोर्ड, ढोलकी, भिंतीवर गाण्याचे शब्द दाखवणारा प्रोजेक्टर, आणि डोळे मिटून, हात वर करून मोठ्याने गाणारी माणसं. त्यांतले बरेच जण काही वर्षांपूर्वी कुठल्या तरी जुन्या मंडळीचे सभासद होते. काही जण कधीच कुठल्या मंडळीत नव्हते. घरातल्या आजारपणात कोणी येऊन प्रार्थना केली, म्हणून ते आले आणि राहिले. चर्चची हजेरी घटते आहे का, हा प्रश्न सीमाभागात विचारायचा तर आधी कुठल्या चर्चची, हे विचारावं लागतं.

मोजदादीची अडचण तिथूनच सुरू होते. 2011 च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्येचं प्रमाण कर्नाटकात 1.87 टक्के होतं, महाराष्ट्रात 0.96 टक्के. ही धर्माच्या रकान्यातली नोंद झाली. रविवारी उपासनेला कोण बसलं, हे भारतात सरकार मोजत नाही. इंग्लंडमध्ये चर्च स्वतःच ते मोजतं आणि दरवर्षी छापतं. साडेपाच कोटींहून अधिक वस्तीच्या त्या देशात चर्च ऑफ इंग्लंडची आठवड्याची सरासरी हजेरी अलीकडे सात लाखांच्या आसपास आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2021 च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्क्यांवर आले, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. अमेरिकेत गॅलपच्या 2020 च्या पाहणीत कुठल्या ना कुठल्या उपासनास्थळाचे सभासद असलेले लोक 47 टक्के निघाले. ऐंशी वर्षांच्या पाहण्यांत तेही पहिल्यांदाच निम्म्याहून कमी.

हे आकडे इकडच्या पाळकांच्या उपदेशांत येतात आणि ऐकणाऱ्यांना काळजी वाटते. पण तिकडचं निदान इकडे जसंच्या तसं लावता येत नाही. तिकडे चर्च सोडणारा माणूस पुष्कळदा श्रद्धाही मागे सोडतो. बेळगाव-निपाणीकडे चर्च सोडणाऱ्याची श्रद्धा सहसा शाबूत असते. तो दुसऱ्या दारातून आत जातो, नाहीतर गावच सोडतो.

गाव सोडणाऱ्यांची गोष्ट सरळ आहे. शिक्षण झालेली मुलं पुण्याला, बंगळुरूला, गोव्याला, आखातात जातात. गोव्याची मुळं असलेल्या काही घरांतून पोर्तुगीज पासपोर्टच्या वाटेने पुढची पिढी इंग्लंडला पोहोचली आहे. तिथल्या स्विंडन शहरात गोवेकरांची वस्ती इतकी वाढली की, स्थानिक इंग्रजांनी सोडलेल्या बाकांवर आता कोकणी बोलणारी कुटुंबं बसतात. खानापूरकडच्या एखाद्या खेड्यातल्या चर्चमध्ये कमी झालेला आवाज असा भलत्याच देशात वाढतो. याला श्रद्धेचा ऱ्हास म्हणता येणार नाही. पण मागे राहिलेल्या चर्चला त्याने दिलासा मिळतो असंही नाही.

दुसऱ्या दाराची गोष्ट मात्र गुंतागुंतीची आहे, आणि तिची मुळं दोनशे वर्षांत पसरलेली आहेत.

लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात 1820 मध्ये काम सुरू केलं. तेव्हा हे छावणीचं गाव होतं. पलटणीबरोबर आलेले तमिळ बोलणारे, शहरातले मराठी, आसपासचे कन्नड अशा सगळ्यांशी मिशनला बोलायचं होतं. त्या मिशनच्या शाळेत बाबा पदमनजी शिकले. 1831 मध्ये बेळगावातच जन्मलेला हा कासार घराण्यातला मुलगा 1854 मध्ये बेळगावातच ख्रिस्ती झाला आणि तीन वर्षांनी त्याने ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी लिहिणाऱ्या माणसाचा बाप्तिस्मा या गावात झाला, ही गोष्ट बेळगावच्या मराठी अभिमानाच्या यादीत सहसा नसते. असायला हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन मिशनने इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे सोपवलं. निपाणीच्या बाजूला कोल्हापूरच्या प्रेस्बिटेरियन मिशनचा प्रभाव पोहोचला; ते मिशन रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी 1852 मध्ये सुरू केलं होतं. कॅथलिकांची मुळं गोव्याकडची, आणि 1953 मध्ये बेळगाव हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठी बोलणाऱ्या मंडळ्या कन्नड राज्यात आल्या.

म्हणजे इथली उपासना कधीच एका भाषेची नव्हती. एकाच वास्तूत सकाळी एका भाषेतली उपासना, नंतर दुसऱ्या भाषेतली, ही या शहराची जुनी सवय. वाद होत, वेळेवरून कुरबुरी होत, तरी माणसं एकमेकांच्या नाताळला आणि मौतीला हजर असत. ही सवय टिकवून धरणं आज अवघड झालं आहे, कारण मुलांची वाचण्याची भाषा बदलली. घरी मराठी किंवा कोकणी बोलणारी मुलं शाळेत इंग्रजी आणि कन्नड वाचतात. त्यांच्या हातात देवनागरीतलं ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक दिलं की, ती ओळ सापडेपर्यंत कडवं संपतं. हॉलमधल्या पडद्यावर तेच शब्द मोठ्या अक्षरांत, कधी रोमन लिपीत येतात. मुलगा गाऊ शकतो. एवढ्या साध्या कारणासाठीही माणूस जागा बदलतो.

जुन्या मंडळीतली वडीलधारी माणसं या नव्या उपासनेबद्दल तक्रार करतात, ती तिच्या गोंगाटाबद्दल. टाळ्या, अश्रू, सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने केलेली प्रार्थना, कोणी थरथरतं, कोणी खाली पडतं. हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, असं ठासून सांगितलं जातं. इतिहास वेगळं सांगतो. जून 1905 मध्ये पुण्याजवळच्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये नेमकं हेच घडलं. दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि विधवा तासन्‌तास रडत, गात, मोठ्याने एकत्र प्रार्थना करत राहिल्या. पेंटेकोस्टल चळवळीचं उगमस्थान म्हणून जगभर सांगितली जाणारी लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावरची सभा त्यानंतरच्या वर्षी, 1906 मध्ये सुरू झाली. संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षणाची कार्यकर्ती, मूळ भाषांतून बायबलचं मराठी भाषांतर करणारी विदुषी, अशा बाईच्या आश्रमात हे झालं आणि तिने ते थांबवलं नाही. तेव्हा हात वर करून रडणारी उपासना मराठी मातीला परकी आहे, असं म्हणणाऱ्याने आधी केडगावला उत्तर द्यावं.

कॅथलिकांतही हा प्रवाह आला. भारतात करिस्मॅटिक चळवळ 1972 मध्ये मुंबईतून पसरू लागली. केरळातल्या मुरिंगूरच्या डिव्हाइन रिट्रीट सेंटरला जाऊन आलेली माणसं कॅथलिक वस्त्यांतून भेटतात, आणि परतल्यावर त्यांना रविवारची मिस्सा फार शांत वाटू लागते. हजेरीचं गणित कॅथलिकांत आणखी एका बाजूने बदललं आहे: रविवारपेक्षा नोव्हेनाचा, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायच्या प्रार्थनेचा, दिवस मोठा झाला. मुंबईच्या माहीम चर्चमध्ये 1948 पासून बुधवारी चालणाऱ्या नोव्हेनाला ख्रिस्ती नसलेले हजारो लोक रांगा लावतात. संत अंतोनीच्या मंगळवारच्या प्रार्थनेला ठिकठिकाणी तसंच होतं. रविवारी न येणारा माणूस मंगळवारी मेणबत्ती घेऊन येतो. त्याची हजेरी कुठल्या रकान्यात लिहायची?

निपाणीत गेलं की या प्रश्नाला आणखी एक पदर येतो, कामाचा. निपाणी तंबाखूचं गाव. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. रविवार तिच्या दृष्टीने पगारी सुट्टी नसते. सकाळचे दोन तास बाकावर बसणं म्हणजे तेवढ्या विड्या कमी. जुन्या मंडळीची उपासना सरकारी आणि मिशनच्या नोकरदारांच्या घड्याळावर ठरली होती आणि आजही बहुतेक ठिकाणी तशीच आहे. घरगुती संगती मात्र बाईच्या सवडीने भरते: शुक्रवारी रात्री उपास-प्रार्थना, दुपारी शेजारणीच्या खोलीत तासभर. तिथे बाई स्वतः उठून साक्ष देते, मुलाच्या तापाची, नवऱ्याच्या दारूची, सावकाराच्या तगाद्याची. कोणी तरी तिचं नाव घेऊन प्रार्थना करतं. जुन्या चर्चमध्ये तिचं नाव वार्षिक वर्गणीच्या यादीत असतं, तेही थकबाकीच्या बाजूला. ती कुठे जाईल, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

याच गल्ल्यांत कागदाचा प्रश्नही आहे. 1950 च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शीख दलितांना 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये त्या मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. हा प्रश्न तपासायला केंद्र सरकारने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. सीमाभागातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत दलित घरं मोठ्या संख्येने आहेत. 1925 मध्ये निपाणीत डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृतांची परिषद भरली होती. त्या परंपरेत वाढलेल्या वस्तीला हक्काचा कागद किती मोलाचा, हे कोणी समजावून सांगायला नको. त्यामुळे एखादं कुटुंब दर आठवड्याला प्रार्थनेला बसतं, पण बाप्तिस्मा घेत नाही, मंडळीच्या वहीत नाव घालत नाही आणि जनगणनेत जुनाच धर्म लिहितं. नोंदवहीवरून पाहिलं तर ही माणसं चर्चमध्ये नाहीतच. प्रत्यक्षात ती पहिल्या रांगेत असतात.

आणि भीतीचंही नाव घ्यायला हवं. कर्नाटकच्या धर्मांतरविरोधी विधेयकाला विधानसभेने 23 डिसेंबर 2021 रोजी मंजुरी दिली, ती बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात भरलेल्या हिवाळी अधिवेशनात. त्या अधिवेशनाच्या तोंडावर, ते संपेपर्यंत प्रार्थनासभा घेऊ नका असं पोलिसांनी सुचवल्याचं बेळगावच्या पाळकांनी वार्ताहरांना सांगितलं होतं. 2022 मध्ये कायदा झाला. 2023 च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. या सगळ्याचा भार दगडी चर्चवर कमी आणि भाड्याच्या खोलीवर जास्त पडला. घरमालक खोली सोडायला सांगतो, शेजारी ढोलकीची तक्रार करतात, मग संगती आणखी लहान होते, आणखी आत सरकते. श्रद्धेची मुभा राज्यघटनेने दिली आहे. आपल्या घरात गाण्यासाठी माणसाला आवाज हळू करावा लागणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि ती केवळ ख्रिस्ती माणसांसाठी लाजिरवाणी नाही.

उपासनेची रीत बदलण्याचे प्रयत्न जुन्या चर्चने केलेच नाहीत, असंही नाही. कॅथलिकांत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये लोकभाषेतल्या मिस्सेला वाट करून दिली. 1969 मध्ये भारतासाठी बारा बदल मंजूर झाले: गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमस्कार, उदबत्ती, समई, आरती, जमिनीवर बसून मिस्सा. बेळगाव जिल्ह्यातल्या देशनूरला जेझुइटांनी याच्याही पुढे जाऊन विरक्त मठाची रीत पत्करली. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या कन्नड नावाने ओळखला जाणारा हा मठ. भगवी वस्त्रं, शाकाहार, लिंगायत मठासारखी राहणी. आर्मांडो आल्वारिस हे गोव्याचे जेझुइट तिथे स्वामी अणिमानंद झाले. त्यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घातलं त्या प्रयोगात. अलीकडे भगव्यातल्या धर्मगुरूंची छायाचित्रं मोबाइलवर फिरली आणि हे कपट आहे असा आरोप झाला. ज्यांनी आयुष्यभर मांसाहार सोडून, त्या खेड्यातल्यासारखं राहून दाखवलं, त्यांच्या प्रामाणिकपणावर अशी एका छायाचित्रावरून शंका घेणं अन्यायाचं आहे.

तरी देशनूरच्या रीतीला एक खरा आक्षेप आहे आणि तो चर्चच्या आतूनच आला. एप्रिल 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मळ या मराठी धर्मशास्त्रज्ञाने एक व्याख्यान दिलं. दलित धर्मशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. त्यांचा रोख असा: भारतीय ख्रिस्ती विचार म्हणजे वेदान्त आणि ब्राह्मणी परंपरा असं समीकरण करून टाकलं, तर चर्चमधल्या बहुसंख्य दलितांचं जगणं त्यात कुठे बसतं? निपाणीच्या वस्तीतल्या बाईला समई आणि पद्मासन तितकंच दूरचं वाटू शकतं जितका पाइप ऑर्गन. तिची गाणी जात्यावरची, भजनाच्या फडावरची, जलशातली. देशीकरण करणाऱ्यांनी मठ पाहिला. वस्ती पुरेशी पाहिली नाही. वस्तीकडे लक्ष गेलं ते ढोलकी घेऊन आलेल्या पास्टरचं.

मराठी ख्रिस्ती गाण्याचा इतिहास मात्र या दोन्ही टोकांपेक्षा श्रीमंत आहे, आणि इथे थोडं थांबायला हवं.

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं, आणि ते 1616 मध्ये रायतूरला छापलं. 1649 आणि 1654 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 1684 मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी स्थानिक भाषेवर बंदीचा फतवा काढला. मग हे काव्य जगलं कसं? गोवा सोडून कर्नाटकच्या किनाऱ्याकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ते गाऊन आणि हाताने नकलून ठेवलं. हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनी 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. छापखान्याने जे गमावलं ते एकत्र बसून गाणाऱ्या घरांनी राखलं.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरं विलायती चालींवर बसवली. मराठी शब्दांचे हाल झाले. कृष्णराव सांगळे यांनी देशी चालीची पदं आणि कीर्तन पुढे आणलं. आणि मग नारायण वामन टिळक आले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग, ओवी, पद, आरती या सगळ्या मराठी रीती ख्रिस्ती उपासनेत अशा रुजवल्या की, आज शंभर वर्षांनंतरही प्रोटेस्टंट मंडळीत पेटी-तबल्यावर त्यांची पदं गायली जातात. बेळगावची मराठी मंडळी, निपाणी, कोल्हापूर, मिरज, अहमदनगर यांना जोडणारा धागा कुठल्या मिशनच्या घटनेत नाही. तो या गाण्यांत आहे. 1970 मध्ये नागपूरला अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झालं, त्या एकीकरणातून मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले, पण बेळगावची मेथडिस्ट लेक कोल्हापूरच्या सी.एन.आय. घरात सून म्हणून गेली तर पहिल्याच रविवारी ती त्यांच्याबरोबर गाऊ शकते.

याच टिळकांनी अखेरच्या दिवसांत जे केलं ते आजच्या हजेरीच्या चर्चेत कोणी काढत नाही. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती घेतली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला: बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसवणारा. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार वाढला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आज निपाणीच्या खोल्यांत जिवंत बसलेला आहे. ज्याचं नाव वहीत नाही आणि जो दर शुक्रवारी उपाशीपोटी प्रार्थनेला बसतो, तो मंडळीचा की मंडळीबाहेरचा? शुभवर्तमानात शोमरोनी बाई विहिरीवर येशूला विचारते की भक्ती या डोंगरावर करायची की यरुशलेमात, आणि येशू दोन्ही जागांच्या पलीकडे बोट दाखवतो. टिळकांनी ते बोट गंभीरपणे घेतलं. आजच्या जुन्या मंडळ्यांनीही घ्यावं. बाप्तिस्म्याचं मोल कमी न करता दार उघडं ठेवता येतं.

पण याच उताऱ्याचा आधार घेऊन दुसरी गोष्टही हल्ली सांगितली जाते, की मग जागेची आणि माणसांचीही गरज नाही. भक्ती घरी मोबाइलवरही होते. मार्च 2020 मध्ये चर्चची दारं बंद झाली, त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा रविवार, 12 एप्रिल, लोकांनी पडद्यासमोर काढला. त्या काळात त्या पडद्याने माणसांना आधार दिला, हे विसरून चालणार नाही. दारं उघडल्यावर म्हातारी माणसं परत आली. कामाच्या गडबडीतले मधल्या वयाचे बरेच जण आले नाहीत. आता ते रविवारी सकाळी चहा घेता घेता बंगळुरूच्या किंवा थेट अमेरिकेच्या एखाद्या प्रसिद्ध पास्टरचा उपदेश ऐकतात. उपदेश खरोखर चांगला असतो. स्थानिक पाळकाच्या उपदेशापेक्षा पुष्कळदा सरस असतो.

तरी तिथे काही तरी मोठं गळून पडतं. पडद्यावरचा पास्टर ऐकणाऱ्याच्या आईच्या मौतीला येत नाही. प्रभुभोजनात जी एक भाकर मोडायची, ती एकट्याने मोडता येत नाही. आणि स्वतःला आवडणाराच उपदेश, आवडणारंच गाणं निवडणारा माणूस आपल्याला न आवडणाऱ्या माणसाशेजारी बसायचा थांबतो. जुन्या चर्चच्या बाकावर मुख्याध्यापक आणि त्यांच्याच शाळेतला शिपाई एकाच पुस्तकातून गात असत. हे चित्र पूर्ण खरं कधीच नव्हतं, जात चर्चच्या दारातून आत आलीच. पण निदान बाक त्यांना तसं बसायला सांगत होतं. भरलेल्या हॉललाही हा धोका आहे. तिथे एकसारख्या वयाची, एकसारख्या दुःखाची माणसं जमतात, आणि पास्टर बदलला किंवा भांडला की सगळा हॉल दोन हॉलांत फुटतो. जुन्या मंडळ्यांना तिथे बोट दाखवायचा अधिकार थोडाच आहे. जागा, भाडी, शाळा आणि निवडणुकांच्या वादांनी, कोर्टाच्या तारखांनी त्यांनी स्वतःची तरुण पिढी दमवली आहे. समितीच्या बैठकीत आरडाओरडा ऐकून आलेल्या मुलाला नंतर हॉलमधल्या ढोलकीचा आवाज जास्त वाटत नाही.

भाड्याच्या हॉलमध्ये गायली जाणारी गाणी ऐकली तर आणखी एक गोष्ट खटकते. ढोलकी मराठी आहे, बोलणं मराठी आहे, पण गाणी बहुतेक हिंदी, काही इंग्रजी, काही भाषांतरित. चारच ओळी, पुन्हा पुन्हा. त्यांत आर्तता असते आणि ती खोटी नसते. पण टिळकांच्या पदांत जो विचार आहे, ‘क्रिस्तपुराणा’त जी कथा सांगण्याची हौस आहे, ती या माणसांपर्यंत पोहोचलेलीच नाही. जिला जात्यावरची ओवी तोंडपाठ आहे त्या बाईला ओवीतलं ख्रिस्तचरित्र कोणी ऐकवलेलं नाही. जुन्या मंडळीकडे ते धन आहे आणि ऐकायला माणसं नाहीत. हॉलमध्ये माणसं आहेत आणि ते धन नाही. दोघांमध्ये अंतर दोन रस्त्यांचं.

या धनाची एक अडचण फार तातडीची आहे. मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकात शब्द असतात; वर फार तर रागाचं, तालाचं किंवा कुठल्या चालीवर म्हणायचं त्याचं नाव असतं. चाल पुस्तकात नसते. ती पेटी वाजवणाऱ्या आजोबांच्या बोटांत आणि पहिल्या बाकावरच्या दोन-तीन आज्यांच्या गळ्यात असते. लहान मूल त्यांच्या शेजारी बसून, आधी चुकत आणि मग आपोआप बरोबर, ती उचलतं. म्हणूनच हजेरी महत्त्वाची. दशांशासाठी नाही, अहवालातल्या आकड्यासाठी नाही. एखादं पद दहा वर्षं गायलं गेलं नाही तर शब्द उरतात आणि चाल जाते. बेळगाव आणि निपाणीच्या मराठी मंडळ्यांत आज ज्यांना जुन्या चाली येतात ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. मोबाइलवर त्या रेकॉर्ड करून ठेवायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. एका शनिवारी संध्याकाळी त्या आजोबांना पेटीसकट हॉलमधल्या ढोलकीवाल्या मुलांकडे घेऊन जायला कुठल्या बिशपांचं पत्रही लागत नाही. रविवारची एक उपासना सकाळी नऊऐवजी संध्याकाळी सातला ठेवून पाहायला फक्त समितीचा एक ठराव लागतो, आणि तो पुढच्या बैठकीतही होऊ शकतो.